सारख्या वजनाची पोती

वसमतच्या मोंढ्यात रागिणी कुणालाच आवडत नव्हती, आणि रागिणीला मोंढा आवडत नव्हता. एवढ्या एका गोष्टीत दोन्ही बाजूंचं बराबर जमत होतं.

ती मूळची पुसेगावची. नांदेडला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, वसमतच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये पोरांना टायपिंग शिकवत राहिली, आणि हिंगोली जिल्हा वेगळा होऊन नुकती कुठं दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हा विश्वंभरशेठच्या आडतीवर आली. विश्वंभरशेठ हळदीचे मोठे आडते. शेतकऱ्यांचा माल त्यांच्या ओट्यावर उतरायचा, तिथंच सौदा व्हायचा, तिथंच काटा. जुना दांडीचा काटा काढून त्यांनी इलेक्ट्रॉनिक काटा बसवला, शेजारी कॉम्प्युटर आणून ठेवला आणि रागिणीला म्हणाले, "ह्ये दोघं एकमेकांशी बोलत न्हाईत. तू बोलायला लाव. पोतं ठेवलं की वजन कॉम्प्युटरात, आणि शेवटी छापलेली पट्टी शेतकऱ्याच्या हातात. मधी कुणाचा हात नको."

मधे जो हात होता, तो जळबाचा.

जळबा मापाडी होता. पोतं नीट बसलं का बघायचं, वजन मोठ्यानं पुकारायचं, पोती मोजायची. त्याचा बाप हेच करत आला होता. हमालांची टोळी त्याच्या शब्दावर उठायची, त्याच्या शब्दावर बसायची. नव्या काट्यासाठी शेठनं काच आणि प्लायवूडची खोली उभी केली ती नेमकी जळबाच्या बैठकीच्या जागेवर. तो दिवसभर बघत राहिला. संध्याकाळी खिडकीत डोकं घालून म्हणाला, "पोरी, बापानं तुझं लगीन काहून न्हाई केलं?"

"तुमच्याकडं विचारायला पाठवलं नव्हतं म्हणून," रागिणी म्हणाली.

हमाल हसले. जळबा हसला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सगळ्या मोंढ्यात तिचं नाव वायरबाई पडलं होतं.

बायका मोंढ्यात होत्याच. सांडलेली हळद झाडून सुपात गोळा करणाऱ्या, दिवसभर वाकलेल्या, कोपरापर्यंत पिवळ्या. खुर्चीवर बसून पुरुषांना "थांबा" म्हणणारी बाई मात्र मोंढ्यानं पाहिली नव्हती. हमाल तिच्या खिडकीवर घामानं भिजलेली डोक्याची टापरं वाळत घालायचे. तिनं खिडकीवर पाटी लावली: काट्याजवळ थुंकू नये. काट्याजवळ तंबाखू खाणारा माणूस एकच होता. जळबानं पाटी कुणाकडून तरी वाचून घेतली आणि त्या दिवसापासून तो बरोबर पाटीखाली थुंकू लागला.

पहिल्या हंगामात तिच्या प्रोग्रामनंच तिला तोंडघशी पाडलं.

कॉम्प्युटरच्या पाठीला नऊ पिनांची एक खाच असते. तिला सिरीयल पोर्ट म्हणतात. काट्याची तार तिथं येऊन लागते, आणि वजनाचे आकडे त्या तारेतून एकामागून एक येतात, अरुंद बोळातून शेळ्या याव्यात तसे. रागिणीनं पहिल्यांदा लिहिलेल्या प्रोग्रामची रीत साधी होती. काट्याला विचारायचं, वजन किती? आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. उत्तर आलं की ते भिंतीवरच्या लाल आकड्यांच्या पाटीला लिहायचं, आणि पाटीनं ते दाखवेपर्यंत पुन्हा थांबायचं. घरी हे छान चाललं. मोंढ्यात वीज वरखाली व्हायची, काटा कधी कधी उत्तरच द्यायचा नाही, पाटी रेंगाळायची. मग पडदा जागच्या जागी गोठायचा. बटनं दाबून उपयोग नसायचा, कारण प्रोग्राम काट्याच्या तोंडाकडं बघत उभा असायचा. बाहेर बैलगाड्यांची, टेम्पोंची रांग लागायची.

"बाईचं मशीन निजलं!" जळबा पुकारायचा. वजन पुकारायच्या त्याच सुरात. "अंगाई म्हणू नका रे, उठंल!"

एकदा वैतागलेल्या एका शेतकऱ्यानं हळकुंडांची मूठ तिच्या काचेवर फेकून मारली. कुणी त्याला अडवलं नाही.

हंगाम संपला. पावसाळाभर ती क्लासमध्ये बसून राहिली. नांदेडच्या फूटपाथवरून आणलेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि दोन भंगार कॉम्प्युटर तिच्यापुढं होते. स्वतः डाग देऊन बनवलेल्या तारेनं तिनं त्यांचे पोर्ट एकमेकांना जोडले होते. एकावर टाइप करायचं, दुसऱ्यावर काय उमटतं ते बघायचं. पुस्तकातली दुसरी रीत तिला हळूहळू उलगडली. या रीतीत विचारणारा वाट बघत बसत नाही. 'आलं की सांग' एवढं बजावतो आणि आपल्या कामाला लागतो. प्रोग्रामचा एक भाग पोर्टला कान लावून बसतो, आलेलं अक्षर उचलून ठेवतो. दुसरा तोवर पट्टी छापतो. लिहिणंही तसंच, पाटीच्या हातात आकडा दिला की झालं, तिनं तिच्या सवडीनं दाखवावा. कुणाच्या थांबण्यानं कुणी अडत नाही.

हे जमलं त्या दुपारी ती क्लासच्या तापलेल्या पत्र्याखाली एकटीच हसली. पुसेगावच्या बायका जन्मभर पहिल्याच रीतीनं जगतात, असं तिच्या मनात आलं. कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून सांगितलं नाही.

दुसऱ्या रीतीचेही आपले खोडे होते. उत्तर अखंड येत नाही, तुकड्यातुकड्यानं येतं. हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात एकोणपन्नासमधला चार आधी येऊन पडला, उरलेलं मागून आलं, आणि पाटीवर लाल अक्षरात भरल्या पोत्याचं वजन नऊ किलो झळकलं.

"हळद हाय का कापूस रं ह्यो?" जळबानं पोत्याला लाथ मारत विचारलं. मोंढा हसला. रागिणीनं उत्तराच्या शेवटची खूण येईपर्यंत तुकडे जमवत राहायचं, हे त्याच दिवशी प्रोग्रामला शिकवलं. पुन्हा तसं झालं नाही. पडदा गोठणं थांबलं. रांगा वाहू लागल्या. शेतकरी छापलेली पट्टी उन्हात धरून बघायचे, घडी घालून टोपीत ठेवायचे. विश्वंभरशेठ आल्यागेल्यासमोर तिला 'मॅडम' म्हणू लागले.

जळबाला हसण्यासारखं काही उरलं नाही. तेव्हापासून त्याचा राग खरा झाला.

मग लाभाचा प्रश्न आला.

मोंढ्यात मापाडी पहिल्या पोत्याला 'एक' म्हणत नाही. पहिलं पोतं काट्यावर ठेवतो, 'लाभ' म्हणतो, उचलायला लावतो आणि पुन्हा ठेवतो. मग दोन, मग तीन. एक म्हटलं की माल एकावरच थांबतो, असं मानतात. रागिणीच्या प्रोग्रामला हे ठाऊक नव्हतं. वजन चढलं, स्थिरावलं, की तो एक पोतं धरायचा. उतरून पुन्हा चढलं की दुसरं. म्हणून लाभाचं पोतं दोनदा धरलं जायचं. शेठच्या हे लवकर लक्षात आलं, कारण नुकसान शेठचं होतं.

"शेतकऱ्याची पोरगी हायस म्हणून शेतकऱ्याला एक पोतं वर व्हय?" आता मॅडम नव्हतं.

ती जळबाकडं गेली. मोंढ्यात आल्यापासून पहिल्यांदा आपण होऊन. "पोतं उचलून परत ठेवायचं असलं की मला हात करा. मी तेवढ्यापुरतं मशीन थांबवीन."

जळबानं तंबाखू चोळणं थांबवलं नाही. "लाभ कधी करायचा ते मी तुला इचारून करू?"

"विचारू नका. नुसतं सांगा."

"माझ्या बापानं निजामाच्या माणसाला न्हाई सांगितलं. तुला सांगतो व्हय, वायरबाई?"

त्यानंतर तो मुद्दाम मधेच लाभ करू लागला. चहा पिऊन आला की लाभ, नवी गाडी लागली की लाभ, मनाला आलं की लाभ. रागिणी दोन दिवस दात खात बसली आणि तिसऱ्या दिवशी तिनं प्रोग्राममध्ये एक ओळ घातली. आताचं वजन मागच्याइतकंच असेल, तर ते तेच पोतं समजायचं. पुन्हा धरायचं नाही. हातानं भरलेली पोती सारखी कशी असतील? कुणाचं एकोणपन्नास, कुणाचं एकावन्न, कुणाचं त्याच्या अधेमधे. वीस किलोचं लोखंडी माप काट्यावर ठेवून, उचलून, पुन्हा ठेवून तिनं दहादा बघितलं. प्रोग्राम एकदाच धरत होता. जळबाच्या नाकावर टिच्चून लाभाचा बंदोबस्त झाला होता.

पट्टीवर पोत्यांची संख्या छापली असती तर पुढचं सारं पहिल्याच दिवशी उघडं पडलं असतं. पण संख्येचा रकाना तिनं आधीच काढून टाकला होता. हमालांची हमाली पोत्यामागं, आणि पोती मोजणारा जळबा. मशीन मोजू लागलं तर टोळीच्या मजुरीची दोरी शेठच्या हातात जाईल, हे जळबानं ओळखलं होतं. त्यानं काम बंद करायची धमकी दिली. "मोजणं आमचं. मशीननं वजन सांगावं आणि गप बसावं." रागिणीलाही त्याच्या आकड्याची गरज वाटली नाही. तो मोजायचा, ती तोलायची. दोघांचे आकडे एका खोलीच्या आतबाहेर राहायचे आणि एकमेकांना कधी भेटायचे नाहीत.

एप्रिलच्या एका सकाळी आखाडा बाळापूरकडची पार्वतीबाई आडतीवर आली. आदल्या दिवशी तिचा माल तोलला गेला होता. मेंढरं राखणारं घर, पाण्याची सोय झाल्यावर थोडी हळद लावू लागलेलं. नवरा ग्यानबा सोबत होता, पण तो चपला काढून ओट्याच्या पायरीशी बसला. बोलायला ती आली होती. तिनं पट्टी शेठच्या गादीवर आपटली.

"माझी दोन पोती कुठं गेली?"

"कुठली दोन?"

"बावीस भरली, बावीस उतरली. तुमचा मापाडी बावीस म्हणून वरडला, मी इथं उभी होते. पट्टीवर वजन हाय ईस पोत्याचं."

"वाळून घटतो माल, बाई."

"रातच्यात दोन पोती घटतो व्हय? मी तोलून भरलंय, शेठ. तीन भावांची एकत्र हळद हाय. माझ्या जावा मला पाण्यात बघतात. उद्या वाटणीत कुणी म्हणाया नको की हिनं आपल्या पोत्यात दाबून भरलं, म्हणून लिंबाला काटा टांगून एकेक पोतं भरलंय. सगळी एका मापाची. आता घरी गेले तर मलाच चोर म्हणत्याल ते. म्हणून रातभर हितंच राहिले."

आत खोलीत रागिणी पट्ट्यांचा कागद बदलत होती. 'सगळी एका मापाची' हे तिच्या कानावर पडलं आणि तिचे हात थांबले.

तिला काही तपासायची गरज नव्हती. तिनं लिहिलेली ती ओळ डोळ्यासमोर उभी राहिली, अक्षरन् अक्षर. मागच्याइतकंच वजन असेल तर तेच पोतं. भाऊबंदकीच्या धाकानं एका बाईनं पोती सारखी भरली. लिंबाच्या काट्याला न दिसणारा किरकोळ फरक बहुतेकांत उरला होता, पण हुबेहूब सारखी एकामागं एक आली तिथं मशीननं दुसरं पोतं गिळलं.

बाहेर शेठनं जळबाला हाक मारली होती.

"किती मोजलीस?"

"बावीस."

"काट्यावर बावीस गेली?"

"माझ्या डोळ्यादेखत."

"मशीन म्हणतंय वीस पोत्यांचं वजन. मशीन काय बिडी पीत न्हाई, का त्याला पोरं न्हाईत. मधल्या मधी दोन पोती कोणत्या गोदामात सरकली, ते सांग."

मोंढा गोळा होऊ लागला होता. शेजारच्या आडतीवरचे हमाल, टेम्पोवाले, झाडणाऱ्या बायका. हमालांनी तिची पोती आधीच पलटी करून हळद शेठच्या बारदानात भरली होती, थप्पीत मिसळली होती. पुन्हा तोलून बघायला आता ती पोती म्हणून उरलीच नव्हती.

"शेठ," जळबा म्हणाला. त्याचा आवाज पुकारायचा नव्हता. "तीस वर्सं झाली."

"तीस वर्सांत किती नेलीस, ते आता कसं कळणार? उद्यापासून मोंढ्यात दिसू नकोस. टोळीला धर्मसिंग बघंल."

धर्मसिंग टोळीतला तरणा हमाल होता. तो खाली बघत राहिला, पण नाही म्हणाला नाही. जळबानं ते पाहिलं.

रागिणी काचेमागं उभी होती. गप्प बसायचं एवढंच काम होतं. कुणी विचारत नव्हतं, कुणाला विचारायचं सुचणारही नव्हतं. रात्री ती एक ओळ काढून टाकता आली असती, आणि सकाळी खिडकीसमोर तो माणूस नसता. पाटीखालची पिंक नसती. वायरबाई नसती. तिनं असं होवो म्हणून देवाकडं मागितलं नव्हतं. पण मागितलं असतं तर नेमकं हेच मागितलं असतं. आणि बोलली, तर मोंढा तिचं काय करील हेही ती जाणून होती.

जळबाची तिला दया आली नाही. हे तिनं स्वतःशी नीट तपासलं. आला तो राग, आणि तो वेगळ्याच गोष्टीचा. वीस हा आकडा खोटा होता. तिच्या तारेतून बावीस आले होते, पोर्टनं बावीस ऐकले होते, आणि ते पुसायला तिनं प्रोग्रामला शिकवलं होतं. आता त्या खोट्या आकड्याच्या जोरावर शेठ बोलत होते आणि सगळे मान डोलावत होते.

ती बाहेर आली.

"धर्मसिंग, वीस किलोची दोन मापं आण."

"मॅडम, तुम्ही आत बसा," शेठ म्हणाले.

"आण म्हणते ना."

मापं आली. तिनं पहिलं काट्यावर ठेवायला लावलं. पाटीवर लाल वीस उमटलं. ते उचलायला लावलं, दुसरं ठेवायला लावलं. पुन्हा वीस. मग आत जाऊन तिनं पट्टी काढली, बाहेर आणून पार्वतीबाईसमोर धरली. पार्वतीबाईला वाचता येत नव्हतं, तिनं ती ग्यानबाकडं दिली, आणि ग्यानबानं पायरीवरून उठून ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली.

"एकूण वजन वीस किलो."

कुणाला लगेच कळलं नाही. रागिणीनं सांगितलं. "एकामागं एक सारखी पोती आली की मशीन दुसरं धरत नाही. मीच तसं लिहिलंय. लाभाचं पोतं दोनदा धरलं जाऊ नये म्हणून. दोन पोती कुणी चोरली नाहीत."

मग मागून कुणीतरी विचारलं, "म्हंजी आमचं बी गेलं असंल?"

"गेलं असेल."

"किती?"

"माहीत नाही."

"कोणाकोणाचं?"

"माहीत नाही. मशीन बेरीज तेवढी ठेवतं."

आजवर तिला मोंढ्यात अनेक उत्तरं द्यावी लागली होती. यासारखं एकही नव्हतं. लोक पुढं सरकले. कुणी आईवरून शिवी दिली. कुणी खिडकीवर थाप मारली, काच तडकली. "बाईचा हात लागला की बरकत जाती," असं झाडणाऱ्या बायकांपैकीच एक म्हणाली, आणि ते रागिणीला शिवीपेक्षा जास्त लागलं. विश्वंभरशेठ तिच्याजवळ आले आणि दातावर दात ठेवून म्हणाले, "माझ्या आडतीची इज्जत रस्त्यावर मांडलीस. चल, उचल तुझी पिशवी. आत्ता."

ती पिशवी घ्यायला वळली तर खोलीच्या दारात पार्वतीबाई उभी होती. पदर खोचलेला, दोन्ही हात चौकटीला.

"हिला जाऊ द्यायचं न्हाई."

"बाई, तुमची दोन पोती मी धरतो, मग तर झालं?" शेठ म्हणाले.

"माझी धराच. पर हिला जाऊ द्यायचं न्हाई. घोळ हिनं घातला, निस्तराया बी हिनंच पाहिजे. ही गेली की तुमी दुसरा कुणी आणाल, आणि त्यो काय तोंड उघडणार हाय व्हय? मग इचारायचं कुणाला?"

"आन् काटा बंद ठेवून चालतंय का, शेठ?" टेम्पोवाल्यांपैकी एक ओरडला. "गाड्या उभ्या हायेत!"

"बसव रं तिला! बसव!" गर्दी म्हणाली. कुणी प्रेमानं म्हणत नव्हतं. चोराला झाडाला बांधून ठेवा म्हणावं, त्या आवाजात म्हणत होते. रागिणीला तिच्याच खुर्चीवर बसवण्यात आलं आणि दाराशी माणसं उभी राहिली.

बसल्यावर तिला विचार करायला सोपं गेलं. जे करायचं ते तिला आता स्वच्छ दिसत होतं. तारेतून येणाऱ्या आकड्यांवरून पोतं नवं का जुनं हे कळत नाही, कळणारही नाही. ते माणसानं सांगावं लागेल. पोर्टच्या नऊ पिनांपैकी काही पिना आकड्यांसाठी नसतात. त्यांवरून फक्त हो किंवा नाही कळतं. तिनं धर्मसिंगला पिटाळून इलेक्ट्रिकच्या दुकानातून दारावरच्या घंटीचं एक बटन आणवलं, त्याच्या दोन तारा तशा दोन पिनांना जोडल्या, आणि ती फसवी ओळ काढून तिच्या जागी दुसरी लिहिली. बटन दाबलं जाईल तेव्हाच पोतं धरायचं. दुपार उलटली होती. बाहेर काट्याच्या कडेला तिनं ते बटन लाकडाच्या फळीवर ठोकलं आणि उभी राहिली.

जळबा ओट्याच्या टोकाला पाठ करून बसला होता.

"पोतं बसलं की हे दाबायचं," ती त्याच्या पाठीला म्हणाली. "लाभ हवा तेवढ्यांदा करा. दाबाल तेव्हाच धरलं जाईल."

"मी मापाडी हाय. तुझा घंटीवाला न्हाई."

"मग धर्मसिंग दाबील."

हे तिनं मुद्दाम म्हटलं. जळबा वळला. तो तिच्याकडं बघत होता तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर उपकाराचं काही नव्हतं. सकाळी साऱ्या मोंढ्यासमोर त्याला चोर म्हटलं गेलं, ते तिच्या ओळीमुळं. मग तीच उठून बोलली म्हणून ते धुऊन निघत नाही, असंच तिथं दिसत होतं. रागिणीला ते रास्त वाटलं.

"माझ्या बोटाबिगर तुझं मशीन एक पोतं बी धरणार न्हाई?"

"नाही."

"पट्टीवर पोत्यांचा आकडा छापायचा."

"तुम्हीच नको म्हणाला होतात."

"तवा तुझा आकडा छापायचा व्हता. आता माझा छापायचा." त्यानं धोतर झटकलं आणि उठला. "आन् ती थुंकायची पाटी काढ."

"पाटी राहील," रागिणी म्हणाली. "आकडा छापते."

शेठ गादीवरून ऐकत होते. पोत्यांचा आकडा मापाड्याच्या बोटातून पट्टीवर जाणार, हे त्यांना रुचलेलं नव्हतं. पण बाहेर रांग होती आणि रांग बघत होती.

पहिली गाडी लागली. जळबानं पोतं ठेवायला लावलं, लाभ म्हटलं, उचलायला लावलं, ठेवायला लावलं. आणि बटनावर बोट ठेवून नुसता उभा राहिला. दाबलं नाही. हमाल थांबले, गाडीवाला थांबला, शेठनं चष्मा वर केला. तो बघत होता तिच्या खिडकीकडं, तडकलेल्या काचेतून. ती मान वर करील, विनवील, निदान रागावेल, याची तो वाट बघत होता. रागिणीनं मान वर केली नाही. नव्या पट्टीवर आडतीचं नाव छापून होत होतं, पाटीला आकडा जात होता, काट्याचं उत्तर येऊन पडलं होतं. तिच्या पडद्यावर कुणीच अडलेलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं बोट खाली गेलं.

ती त्यानंतरही सात हंगाम त्या खुर्चीवर होती. दर चैत्रात कुणीतरी खिडकीशी येऊन विचारायचंच, "बाई, त्या साली माझं किती गेलं?" आणि ती दर वेळी म्हणायची, "माहीत नाही." काहींनी नुसतं ऐकून घेतलं, काहींनी शिवी दिली. पार्वतीबाई दर वर्षी आपली पोती तशीच सारखी भरून आणायची, आणि तोलून होईपर्यंत खिडकीला टेकून रागिणीवर नजर ठेवून उभी राहायची. एकदाही हसली नाही. जळबानं रागिणीला कधी नावानं हाक मारली नाही, आणि तिनंही त्याला तात्या-मामा म्हटलं नाही.

एका वर्षी पूर्णेकडचा एक नवा शेतकरी आला. कुठून तरी ऐकून आला होता. काट्यावर पोतं ठेवू देईना. "हितं एक चोर बाई बसती म्हणं," तो मोठ्यानं म्हणाला.

"चोर न्हाई," जळबा म्हणाला. तंबाखूची पिंक टाकली, बरोबर पाटीखाली. "चोर असती तर बरं झालं असतं, धरून हाकलली असती. हुशार हाय ती. आमच्या नशिबाला आली."

शेतकरी एकदा जळबाकडं, एकदा खिडकीकडं बघत राहिला.

"बटन दाबा," रागिणी आतून म्हणाली. "मागं गाड्या थांबल्यात."